गोळीतला देव आणि पिंपळगावचं फाटक

१९६५ संपत आलं होतं. अमेरिकेतला एक तरुण मिळेल त्या गाडीला हात करत, अर्धं जग ओलांडून नगरला येऊन ठेपला. त्याला मेहेरबाबा या मौनी आध्यात्मिक गुरूंना भेटायचं होतं. बाबांचा मुक्काम तेव्हा शहरापासून पंधराएक किलोमीटरवर, पिंपळगाव माळवीजवळच्या मेहेराझादमध्ये असे. फाटक बंद होतं. बाबा एकांतात आहेत, कुणी येऊ नये, असं देशोदेशीच्या भक्तांना पत्रांनी आधीच कळवलेलं होतं. वर्षानुवर्षं नाव घेणारी जुनी माणसंही दाराबाहेर थांबली होती. या पोराला मात्र आत घेतलं गेलं. तो एलएसडी हे भास घडवणारं द्रव्य घेत होता आणि त्या गोळीतून देव दिसतो असं मानणाऱ्या मित्रमंडळातून आला होता. बाबांनी त्याचं ऐकून घेतलं आणि त्याला परत घरी पाठवलं.

हिप्पी म्हटलं की आपल्याकडची गोष्ट बहुधा कळंगुटला सुरू होते आणि पुण्याच्या कोरेगाव पार्कात, रजनीशांच्या आश्रमात संपते. मधल्या काळात नगरच्या कोरड्या माळावर काय झालं, ते मराठीत फारसं सांगितलं जात नाही. मला ही गोष्ट अभ्यासाला घ्यावीशी वाटली कारण ती उलट्या दिशेनं जाते. रसायनाच्या वाटेनं देवाकडे निघालेला माणूस दारात उभा राहिला तर त्याचं करायचं काय, आणि जे केलं त्यातून साधलं काय, एवढेच दोन प्रश्न धरून मी पुढे जाणार आहे.

गोळी कुठून आली

एलएसडी पहिल्यांदा तयार झालं १९३८ साली, स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या सँडोझ या औषध कंपनीत. अल्बर्ट हॉफमन हे रसायनतज्ज्ञ अर्गट नावाच्या बुरशीतल्या द्रव्यांवर काम करत होते. ही बुरशी राय या धान्यावर पडते. (नगर भागातल्या शेतकऱ्याला अरगट नवा नाही, बाजरीच्या कणसावर येतो तो. पण त्या बुरशीची जात वेगळी आणि विषही वेगळं, तेव्हा कुणी भलते प्रयोग करू नयेत.) या द्रव्याचा मनावरचा परिणाम हॉफमन यांच्या लक्षात आला १९४३ मध्ये. ग्रॅमच्या दहा हजाराव्या भागाएवढी मात्रा माणसाला आठ-दहा तास वेगळ्याच जगात ठेवायला पुरते. रंग चढतात, काळ ताणला जातो, आणि काहींना 'मी' नावाची भिंतच विरघळल्यासारखी वाटते.

हा शेवटचा अनुभव महत्त्वाचा. हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्राचे दोन प्राध्यापक, टिमोथी लिअरी आणि रिचर्ड अल्पर्ट, अशा द्रव्यांचे प्रयोग करत होते. १९६३ मध्ये दोघांनाही विद्यापीठातून काढलं गेलं. पण तोवर त्यांच्या भोवतीच्या मंडळींची खात्री पटली होती की जे आपल्याला दिसतं ते ऋषिमुनींनी पाहिलेलंच आहे. चर्चमध्ये त्या अनुभवाला नाव नव्हतं, तिबेटी आणि हिंदू ग्रंथांत होतं. १९६४ साली लिअरी, अल्पर्ट आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं तिबेटी मृत्युग्रंथाच्या चौकटीवर एलएसडी घेण्याची मार्गदर्शिकाच काढली. मग पूर्वेकडे निघायचं ही पुढची पायरी आपोआप आली. इस्तंबूल, तेहरान, हेरात, काबूल, पेशावर, लाहोर आणि मग भारत. खिशात थोडे डॉलर असले तरी महिनोन्‌महिने भागत असे.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. १९६५ मध्ये ही गोळी खिशात बाळगणं अमेरिकेत आजच्यासारखा गुन्हा नव्हता. कॅलिफोर्नियानं बंदी घातली ऑक्टोबर १९६६ मध्ये, देशभर ती आली १९६८ मध्ये. म्हणजे बाबांनी या पोराला जे सांगितलं ते कायद्याच्या आधी सांगितलं.

फाटकाच्या आत कोण होतं

मेरवान शेरियार इराणी यांचा जन्म पुण्याचा, २५ फेब्रुवारी १८९४. झरतुष्ट्री घर. शाळा सेंट व्हिन्सेंट्स, पुढे डेक्कन कॉलेज. १९१३ मध्ये पुण्याच्या लष्कर भागात कडुलिंबाखाली बसणाऱ्या हजरत बाबाजान या वृद्ध फकीर स्त्रीशी गाठ पडली आणि कॉलेजचा अभ्यास मागे पडला. पुढे केडगावचे नारायण महाराज, नागपूरचे ताजुद्दीन बाबा, शिर्डीचे साईबाबा आणि साकोरीचे उपासनी महाराज. मराठी मुलखातल्या साधुसंतांचा तेव्हाचा नकाशाच म्हणा. १९२३ पासून नगर-दौंड रस्त्यावरच्या आरणगावजवळ मेहेराबादची वसाहत उभी राहू लागली. तिथं गरिबांसाठी दवाखाना निघाला, तेव्हा अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा निघाली. १० जुलै १९२५ ला बाबांनी मौन धरलं ते मरेपर्यंत सोडलं नाही. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून बोलत. १९५४ मध्ये पाटीही टाकली आणि फक्त हातांच्या खुणा राहिल्या. त्या खुणा वाचून सांगायचं काम प्रामुख्यानं एरच जेसावाला करत. १९५६ मध्ये साताऱ्याजवळ मोटार अपघातात बाबांचा खुबा मोडला होता. १९६५ चे बाबा म्हणजे सत्तरी ओलांडलेले, चालताना वेदना होणारे, मौनी गृहस्थ.

स्वतःला ते या युगाचा अवतार म्हणवत. माझ्यासारख्या माणसाला हा दावा पचत नाही, आणि या प्रकरणासाठी तो पचवण्याची गरजही नाही. गरज आहे ती त्यांच्या आयुष्यातला एक वेगळा उद्योग ध्यानात घेण्याची. हिप्पींबद्दल लिहिणारे तो उद्योग बहुतेक वेळा गाळतात.

१९३६ मध्ये बाबांनी राहुरीला वेड्यांसाठी आश्रम काढला होता. रस्त्यावर फिरणारी, अंगाची शुद्ध नसलेली माणसं तिथं आणली जात, आणि बाबा स्वतः त्यांना आंघोळ घालत, दाढी करत, भरवत. पुढे १९४० च्या दशकात त्यांनी मस्तांच्या शोधात देशभर भटकंती केली. मस्त म्हणजे ईश्वरप्रेमात भान हरपलेले, लोकांना वेडे वाटणारे. कुणी उकिरड्याशेजारी बसलेला, कुणी दर्ग्याच्या पायरीवर. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून, टांग्यातून, बैलगाडीतून त्यांच्यापर्यंत पोहोचायचं, आणि मस्ताची मर्जी नसेल तर हात हलवत परत यायचं. विल्यम डॉन्किन या इंग्रज डॉक्टरांनी या प्रवासांच्या नोंदी ठेवल्या आणि १९४८ मध्ये त्या छापून निघाल्या. त्या वाचताना एक गोष्ट सतत समोर येते. हा मस्त, हा नुसता मनोरुग्ण, हा गांजेकस, हा ढोंगी, अशी प्रतवारी बाबा आणि त्यांची मंडळी करतात. ती खरी होती की नाही हे ठरवायला आपल्याकडे साधन नाही. पण भान हरपलेल्या माणसांच्या सहवासात वर्षानुवर्षं काढलेला माणूस, आणि चार वेळा गोळी घेतलेला पदवीधर, यांच्यात कोणाचा अनुभव मोठा, हे ठरवायला साधन लागत नाही.

भेटीत काय घडलं

बाबांनी त्या तरुणाला जे सांगितलं त्याचा सारांश भक्तांच्या नोंदींतून आलेला आहे. भारतात चरस-गांजा ओढणारे पुष्कळ आहेत, त्यांना रंग दिसतात, आकार दिसतात, प्रकाश दिसतो, त्यात ते हरखून जातात. पण ते टिकत नाही, खोटं असतं, आणि सत्यापासून माणसाला आणखी लांब नेतं. औषधानं देव मिळत असेल तर तो देव म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही. नंतर काम दिलं: परत जा, जे घेतात त्यांना सांग की हे शरीराला, मनाला आणि साधनेला, तिन्हींना अपायकारक आहे. ते ऐकतील, हसतील, अपमान करतील. तू सांगायचं, फळाची काळजी माझ्यावर सोड.

यात मला रस वाटतो तो पहिल्या वाक्यात. अमेरिकन पोराला वाटत होतं की आपण काहीतरी नवं घेऊन आलो आहोत, प्रयोगशाळेतली शुद्ध, विसाव्या शतकातली किल्ली. बाबांनी ती किल्ली उचलून सरळ चिलमीशेजारी ठेवली. नगर जिल्ह्यात गांजा ओढणारा गोसावी कोणत्या गावानं पाहिलेला नाही? त्याला लोक हात जोडतात, भाकरी देतात, आणि पोरगा त्याच्या नादी लागला तर चार ठेवून देतात. ही जुनी, गावठी शहाणीव बाबांच्या हातांच्या खुणांतून इंग्रजीत उतरली आणि हार्वर्डच्या वर्तुळात गेली.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी त्याची भूक खोटी ठरवली नाही. अमेरिकेत आईबाप, डीन, पोलीस सगळे एकच सांगत होते: हे खूळ सोड. बाबांचं म्हणणं वेगळं पडलं. शोध खरा आहे, वस्तू चुकीची आहे. ज्याच्याकडून 'तू देव शोधतोयस हे बरोबरच आहे' असं ऐकायला मिळतं, त्याच्याकडून 'गोळी सोड' हे ऐकून घेणं सोपं जातं. कुठल्याही व्यसनमुक्तीच्या कामात हा फरक कळायला वेळ लागतो. इथं तो पहिल्याच बैठकीत दिसतो.

तिसरी गोष्ट, त्याला ठेवून घेतलं नाही. आश्रमात जागा होती, हातांना काम देता आलं असतं. पण निरोप्या करून परत धाडलं, आणि परत गेलेल्या माणसाला जगात उभं राहावं लागतं.

पत्रं, पत्रक आणि अल्पर्ट

यानंतर नगरच्या टपालात या विषयाची भर पडली. मानसशास्त्र शिकणारे, गोळी घेतलेले, घेऊ की नको अशा पेचात असलेले लोक लिहू लागले. अल्पर्ट यांचाही बाबांशी पत्रव्यवहार झाला. बाबांच्या उत्तरांमधून एक छोटं पत्रक तयार झालं आणि १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या, बाबांना मानणाऱ्या सूफी मंडळानं ते 'गॉड इन अ पिल?' या नावानं छापलं. हिप्पी चळवळीचं पुढचं केंद्र ते हेच शहर. बाबांचे तरुण अनुयायी विद्यापीठांमधून भाषणं देत आणि हे पत्रक वाटत हिंडले.

पत्रकात मृगजळाचा दाखला आहे: मृगजळाचा कितीही पाठलाग केला तरी पाणी हाती लागत नाही. हा दाखला सगळेच उचलतात. त्याच मजकुरात आणखी दोन गोष्टी आहेत. काही प्रामाणिक साधकांच्या बाबतीत एलएसडीमुळे ओढ जागी झाली असेल, ते मान्य. पण ते काम झाल्यावर पुढं घेत राहण्यात नुकसानच आहे, अर्थ काही नाही. आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, जुनाट दारूबाजी, तीव्र नैराश्य, मानसिक आजार यांवर त्याचा उपयोग होऊ शकतो. सरसकट शिव्याशाप नाहीत.

अल्पर्ट यांचं पुढं जे झालं ते या प्रकरणाच्या शेजारी ठेवून पाहावं. १९६७ मध्ये ते स्वतः भारतात आले, गोळ्या बरोबर घेऊन. नैनितालजवळच्या कैंची इथल्या नीम करोली बाबांच्या पायाशी टेकले आणि रामदास होऊन परतले. त्यांनी पुढे सांगितलेली गोष्ट अशी की महाराजांनी त्यांच्याकडच्या गोळ्या मागून घेतल्या, एकदम गिळल्या, आणि त्यांना काहीएक झालं नाही. महाराजांचं मत काय, तर यानं ख्रिस्ताच्या दर्शनाला जाऊन येता येईल, पण तिथं राहता येणार नाही. प्रेम याहून बलवान औषध आहे.

निष्कर्ष दोन्ही ठिकाणी जवळपास एकच. रीत मात्र दोन टोकांची. कैंचीला गोळी गिळून तिची किंमत शून्यावर आणली, पिंपळगावला तिला हातही लावला नाही. सांगायला, रंगवायला पहिली गोष्ट भारी, आणि रामदासांच्या तोंडून ती लाखो लोकांपर्यंत गेली. पण ऐकणाऱ्या वीस वर्षांच्या पोरानं त्यातून काय घ्यायचं? 'महाराज पचवतात, मीही बघतो पचवून' असा अर्थ निघायला वेळ लागत नाही. नगरच्या निरोपात अशी फट नव्हती. त्यामुळेच कदाचित तो कमी गाजला.

फेब्रुवारी १९६८ मध्ये बीटल्स हृषीकेशला महर्षी महेश योगींकडे आले आणि जगभरचे कॅमेरे गंगेकाठी वळले. त्याच सुमारास 'द हू' या दुसऱ्या नामांकित बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड मेहेरबाबांचा अनुयायी झाला, अमली द्रव्यांपासून दूर झाला, पण नगरला आला नाही. फाटक बंद होतं. तो भारतात आला १९७२ मध्ये. तोवर बाबा राहिले नव्हते.

१९६९

एकांत संपणार होता. १० एप्रिल ते १० जून १९६९ या काळात पुण्यात, बंडगार्डन रस्त्यावरच्या 'गुरुप्रसाद' बंगल्यात बाबा दर्शन देणार असं जाहीर झालं. बंगला बडोद्याच्या महाराणी शांतादेवींचा. बाबा उन्हाळ्यात तिथं राहत. दर्शन आडवं पडून देईन, असंही त्यांनी सांगून ठेवलं होतं. परदेशातली तरुण मंडळी पैसे साठवू लागली. ज्यांना तीन-चार वर्षं 'आत्ता येऊ नका, शिक्षण पूर्ण करा, नोकरी करा' असं कळवलं जात होतं, त्यांत तीही होती.

३१ जानेवारीला दुपारी सव्वाबारा वाजता मेहेराझादला बाबांनी देह ठेवला. मेहेराबादच्या टेकडीवरच्या समाधीत, हेलन डाम या स्विस चित्रकर्तीनं १९३८ मध्ये आतून रंगवलेल्या त्या छोट्या घुमटाखाली, देह सात दिवस दर्शनासाठी उघडा होता. ७ फेब्रुवारीला दफन झालं.

आता ठरलेल्या दर्शनाचं काय? मंडळींपुढे हा व्यवहारी प्रश्न होता आणि त्यांनी तो धीटपणे सोडवला: कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल. एप्रिल-मेच्या पुण्याच्या उन्हात परदेशी माणसं शेकड्यांनी आली. गुरुप्रसादच्या दालनात बाबांची खुर्ची होती, त्यावर हार घातलेला. एकेक जण पुढं जाऊन वाकत होता. एरच, बाबांची बहीण मणी आणि इतर जण आठवणी सांगत. आडवं पडून दर्शन म्हणजे काय, ते आत्ता कळलं, असं अनेकांनी म्हटलं. भक्ताला जोडणी करता येते, त्याला इलाज नाही.

मला यातली माणसं दिसतात ती अशी: हजारो मैल काटकसरीनं आलेली, समोर गुरू नाही, आणि तरी चिडून निघून न गेलेली. त्यातली बरीच पुढं आपापल्या देशात नोकऱ्या करत राहिली. काही थोडी नगरला परतली आणि मेहेराबादला दवाखान्यात, बांधकामावर, कचेरीत राबली.

काय साधलं, काय नाही

यश मोजायचं कसं, हा खरा पेच आहे. किती जणांनी गोळी सोडली याचा कुणी हिशोब ठेवलेला नाही. जे आहे ते सोडलेल्यांचं कथन, आणि सोडलेला माणूसच कथा सांगायला उरतो. अमेरिकेत तेव्हा गोळी घेणारे लाखांनी होते. त्या लोंढ्यापुढं एक पत्रक आणि काही डझन भाषणं म्हणजे थेंब. बंदी, धरपकड, वय वाढणं, घरसंसार, यांनी जास्त माणसं बाहेर काढली असणार.

दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे. गोळी सोडण्याचं कारण 'बाबांनी सांगितलं' हे असेल, तर एका आधाराच्या जागी दुसरा आधार आला. शोधणाऱ्याचं शोधणं थांबलंच. हे मी टीका म्हणून लिहितो, पण सगळा दोष देत नाही. दुसरा आधार माणसाला कामावर वेळेवर जाऊ देत असेल आणि भास दाखवत नसेल, तर त्याच्या आईला फरक विचारून पाहावा.

जमेची बाजू मेहेराबादच्या रचनेत दिसते. हिप्पींचा पैसा आणि गर्दी आत येऊ देण्याचा मोह बाबांना कधी झाल्याचं दिसत नाही, कारण त्यांचा पाया त्या गर्दीवर उभाच नव्हता. पारशी-इराणी घरं, नगर-पुण्याची मराठी माणसं, आंध्रातली आणि उत्तर प्रदेशातल्या हमीरपूर भागातली खेडी, हा तो पाया. १९५९ मध्ये विश्वस्त संस्थाही झालेली होती. म्हणून फाटक बंद ठेवणं परवडलं. १९७४ नंतर पुण्यात, गुरुप्रसादपासून फार लांब नसलेल्या कोरेगाव पार्कात जे उभं राहिलं, त्याचा पाया नेमका पाश्चात्त्य शिष्य होता, आणि तिथलं अर्थकारण, तिथली वादळं त्याच पायातून आली.

आरणगावकरांनाही हा फरक जाणवला असणार. गोऱ्यांचं येणं-जाणं त्यांना नवं नव्हतं. १९३० च्या दशकापासून ते पाहत होते. पण मेहेराबादला कळंगुट-हणजुण्यासारखी किनाऱ्यावरची वस्ती झाली नाही, नशेचा बाजार बसला नाही. ३१ जानेवारीला, बाबांच्या पुण्यतिथीला म्हणजे अमरतिथीला, मंडप पडतो, दुपारी बारा ते सव्वाबारा सगळे गप्प बसतात, आणि मग तेलुगू, हिंदी, मराठी, इंग्रजी भजनांची सरमिसळ सुरू होते. त्या रांगेत आज सत्तरी-ऐंशीतले गोरे म्हातारेही दिसतात.

एक धागा मात्र भक्तांनी सोडून दिल्यासारखा वाटतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्ससारख्या विद्यापीठांत अशाच द्रव्यांचे वैद्यकीय प्रयोग पुन्हा सुरू झाले आहेत: नैराश्यावर, व्यसनावर, डॉक्टर शेजारी बसवून, मोजून मात्रा देऊन. १९६६ च्या पत्रकात ज्या वापराला वाट ठेवली होती, तो हाच. गोळीवर शेरा मारायचा झाला की मृगजळाचं वाक्य पोस्टरावर येतं. डॉक्टरांच्या देखरेखीचं वाक्य येत नाही, आणि नैराश्यानं पिचलेल्या एखाद्या भक्ताला त्याचीच गरज असू शकते.